हॅमरशोल्ड यांची काँगोतील कसोटी

यादवीने पोखरलेल्या देशात बाहेरची फौज पाठवून सुव्यवस्था व स्थिर राज्यकारभार आणता येतो काय, हा प्रश्न जगापुढे वारंवार उभा राहतो. त्याचे उत्तर शोधताना ज्यांनी प्राण वेचले, त्या संयुक्त राष्ट्रसंघाचे दुसरे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांचे चरित्र म्हणूनच मननीय आहे.

हॅमरशोल्ड यांचा जन्म २९ जुलै १९०५ रोजी स्वीडनमध्ये झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांचे वडील देशाचे पंतप्रधान होते. पुत्राने मात्र पक्षीय राजकारणाऐवजी अर्थशास्त्राचा व्यासंग केला आणि अर्थखात्यात व मध्यवर्ती बँकेत उच्चपदे भूषविली. एप्रिल १९५३ मध्ये ते सरचिटणीस झाले, तेव्हा हा अबोल, ग्रंथप्रेमी प्रशासक निमूटपणे कचेरी सांभाळील, अशीच बड्या राष्ट्रांची अटकळ होती. ती त्यांनी खोटी ठरविली. १९५५ मध्ये पेकिंगला जाऊन त्यांनी कैदेतील अमेरिकी वैमानिकांच्या सुटकेचा मार्ग मोकळा केला. १९५६ च्या सुएझ संघर्षात राष्ट्रसंघाची पहिली शांतिसेना उभी केली.

खरी कसोटी लागली ती काँगोत. ३० जून १९६० रोजी बेल्जियमने तेथील सत्ता सोडली. पण सत्ता पेलणारी माणसे घडविलीच नव्हती. एवढ्या विस्तीर्ण देशात पदवीधर २० देखील नव्हते आणि २५,००० च्या सैन्यात एकही काँगोली अधिकारी नव्हता. आठवड्याच्या आतच सैन्याने बंड केले, बेल्जियमने पुन्हा फौजा उतरविल्या आणि ११ जुलैला तांब्याच्या खाणींनी समृद्ध असा कटांगा प्रांत त्शोंबे यांच्या नेतृत्वाखाली फुटून निघाला. काँगो सरकारने राष्ट्रसंघाकडे धाव घेताच हॅमरशोल्ड यांनी स्वतःच्या अधिकारात सुरक्षा समितीची बैठक बोलाविली. १४ जुलैला ठराव झाला आणि दुसऱ्याच दिवशी पहिल्या तुकड्या उतरल्या. पुढे ही सेना २०,००० च्या घरात गेली. सैनिकांबरोबर डॉक्टर, शिक्षक आणि तंत्रज्ञही गेले.

परंतु या सेनेने अंतर्गत कलहात पक्ष घ्यावयाचा नाही, असा दंडक होता. पंतप्रधान लुमुम्बा यांना कटांगाविरुद्ध तिचा वापर हवा होता; नकार मिळताच ते रशियाकडे वळले. ५ सप्टेंबरला राष्ट्रपती कासावुबु यांनी त्यांना बडतर्फ केले. राष्ट्रसंघाच्या अधिकाऱ्यांनी विमानतळ व आकाशवाणी केंद्र बंद ठेवले. शांततेसाठी योजलेल्या या उपायाचा लाभ प्रत्यक्षात कासावुबु यांनाच झाला. १७ जानेवारी १९६१ रोजी कटांगात लुमुम्बा यांची हत्या झाली. राष्ट्रसंघाची सेना देशात असताना हे घडले, हा कलंक हॅमरशोल्ड यांच्या कारकिर्दीवरून पुसता येत नाही. जेथे कायदेशीर सरकार कोणते हाच वाद असतो, तेथे अलिप्त राहणे हीसुद्धा एक बाजू ठरते.

रशियाने त्यांच्या राजीनाम्याची मागणी केली. छोट्या राष्ट्रांच्या भरवशावर ते पदावर राहिले. फेब्रुवारी १९६१ मध्ये यादवी टाळण्यासाठी अखेरचा उपाय म्हणून बळाच्या वापरास सुरक्षा समितीने संमती दिली आणि भारताने एक ब्रिगेड धाडली. सप्टेंबरमध्ये कटांगात लढाई भडकली. त्शोंबे यांच्याशी बोलणी करण्यास निघालेल्या हॅमरशोल्ड यांचे विमान १७-१८ सप्टेंबरच्या रात्री एन्डोलाजवळ कोसळले. विमानातील सर्व १६ जणांचा अंत झाला. तो अपघात होता की घातपात, याचा निर्णायक उलगडा झालेला नाही. त्या वर्षीचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मरणोत्तर मिळाले. डिसेंबरमध्ये त्याच कटांगात भारताचे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना वीरमरण आले.

जानेवारी १९६३ मध्ये कटांगाचे बंड संपले आणि जून १९६४ मध्ये सेना परतली. काँगो अखंड राहिला, हे श्रेय निर्विवाद आहे. पण १९६५ मध्ये मोबुटू यांनी सत्ता बळकावली, ती १९९७ पर्यंत सोडली नाही; आणि १९९९ मध्ये राष्ट्रसंघाला पुन्हा तेथे जावे लागले. फौज देशाचे तुकडे होणे थांबवू शकते. राज्यकारभार मात्र त्या देशाच्याच शिक्षित माणसांना व परस्परविश्वासाला उभा करावा लागतो. हॅमरशोल्ड यांनी त्यासाठी अवधी मिळवून दिला. तो वाया गेला, याचा दोष एकट्या त्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.