विश्लेषण : प्रतिपिंडांची ताकद मोजायला शिकवणारे पॉल एर्लिख कोण होते?

कर्करोगापासून संधिवातापर्यंत अनेक आजारांवर आज प्रतिपिंडांची औषधे दिली जातात. शेकडो प्रतिपिंडांतून कामाचा एखादा निवडण्यासाठी बायोसेन्सर वापरतात. पण आधी मोजमाप, मग औषध ही शिस्त जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच घालून दिली.

रंगांचा नाद

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ चा. गाव स्ट्रेलेन, जे आता पोलंडमध्ये आहे. वैद्यकीय शिक्षण घेताना त्यांना पेशी रंगवण्याचा नाद लागला. एखादा रंग ठरावीक पेशींनाच का चिकटतो, या प्रश्नाने त्यांची आयुष्यभर पाठ सोडली नाही. क्षयाची बाधा झाल्याने ते काही काळ इजिप्तमध्ये राहिले. परतल्यावर ते रॉबर्ट कॉख यांच्या बर्लिनमधील संस्थेत रुजू झाले.

घटसर्पाचे कोडे काय होते?

घटसर्पाने तेव्हा लहान मुले गुदमरून दगावत. बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये प्रतिविष असलेल्या रक्तद्रवाचा मार्ग दाखवला. पुढे ते घोड्यांपासून तयार होऊ लागले. मात्र प्रत्येक घोड्याच्या रक्तद्रवाची ताकद वेगळी. मात्रा कमी पडली तर मूल हातचे जाणार.

एर्लिख यांनी काय केले?

साठवलेले विष हळूहळू बदलते, म्हणून ते मापक म्हणून चालणार नाही, हे त्यांनी ओळखले. १८९७ मध्ये त्यांनी वाळवून निर्वात नळीत जपलेले रक्तद्रव प्रमाण मानले. नव्या रक्तद्रवात ठरावीक विष मिसळून ते साधारण २५० ग्रॅम वजनाच्या गिनीपिगला टोचायचे आणि तो चार दिवसांत मरतो का, हे पाहायचे. त्यावरून प्रमाणाशी तुलना करून ताकद ठरे.

आज हे कसे होते?

बायोसेन्सरच्या एका प्रकारात चिपवर सोन्याचा पातळ थर असतो. त्यावर आजाराशी संबंधित प्रथिन बसवून प्रतिपिंडांचे द्रावण सोडतात. परावर्तित प्रकाशातील बदलावरून प्रतिपिंड किती लवकर चिकटतो आणि किती उशिरा सुटतो, हे कळते. घट्ट धरून राहणारे अनेकदा पुढच्या चाचण्यांसाठी निवडले जातात. या टप्प्यावर प्राणी लागत नाही.

वारसा

एर्लिख यांना १९०८ चे नोबेल मेचनिकोव्ह यांच्यासह मिळाले. १९१० मध्ये उपदंशावरील त्यांचे साल्वरसान बाजारात आले. २० ऑगस्ट १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. जर्मनीत लशी आणि प्रतिपिंड औषधे तपासणारी सरकारी संस्था आजही त्यांच्याच नावाने चालते.