पंडिता रमाबाई आणि हातचे काम

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या मंडळ्यांत विरळाच. संस्कृतातील विद्वत्ता, कलकत्त्यास मिळालेली सरस्वती ही पदवी, १८८३ सालचा इंग्लंडातील बाप्तिस्मा, एवढे संडे स्कूलची मुलेही सांगतात. पण एक गोष्ट आपण भराभर ओलांडून जातो.

रमाबाई १८५८ साली जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे शास्त्री. आई लक्ष्मीबाईंनीच मुलीला संस्कृत शिकवले. भागवताचे हजारो श्लोक तिला मुखोद्गत होते. पुढे दुष्काळ पडला, जवळचे द्रव्य संपले, आणि पोट भरण्याचा एकही उद्योग या विद्वान कुटुंबाला येत नव्हता. मजुरी करावी तर कुलाभिमान आड येई. आई, वडील आणि थोरली बहीण त्या हलाखीतच गेली. हे रमाबाई कधी विसरल्या नाहीत. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी स्त्रियांना शिक्षिका व डॉक्टर करण्याची मागणी मांडली, ती उगाच नव्हे.

१८८९ साली मुंबईत शारदासदन निघाले, ते पुढे पुण्यास गेले, आणि मग केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात आपल्या या गुजरातेतूनही शेकडो मुली तेथे नेल्या गेल्या. सुरतकरांनी हे ध्यानात ठेवावे.

मुक्तीत पाटी-पुस्तकाबरोबर माग होता, तेलाचा घाणा होता, शिवण, गाईगुरे, भाजीची बाग होती. लुटुपुटूचे काम नव्हे. शेकडो जणींचे खाणेपिणे आणि लुगडी त्यावर अवलंबून. आमच्या लिंबायतेत खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबे लूमवर जगतात. मुलगा दहावी होऊन कारखान्याच्या दारात उभा राहिला की प्रमाणपत्र बाजूला राहते आणि हाताला काय येते तेच पाहिले जाते. रमाबाई मुलींची ही तयारी आधीच करून घेत.

छापखान्याचे काम सर्वांत कठीण. शिशाचे खिळे उलटे वाचावे लागतात. जोडाक्षरांचे कप्पे पाठ व्हावे लागतात. शुद्धलेखन कच्चे असेल तर पान फुकट जाते. म्हणजे भाषेचा धडा आणि धंद्याचा धडा एकच. याच छापखान्यात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून केलेले मराठी पवित्र शास्त्र छापावयास घेतले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. त्याचे खिळे मुक्तीतील स्त्रियांनीच जुळवले होते.