तार तोडणारा ग्रॅहम बेल

टेलिफोनचा शोध कोणी लावला, हा शाळेत एका मार्काचा प्रश्न होता. उत्तर : अलेक्झांडर ग्रॅहम बेल, १८७६. मार्क मिळाला, विषय संपला! पण ज्या बेलमुळे जगभर टेलिफोनच्या तारा पसरल्या, त्याच बेलने पुढच्या चारच वर्षांत ती तार काढून टाकायचा घाट घातला होता, आणि टेलिफोनपेक्षाही ह्या दुसऱ्या यंत्राला तो आपलं सर्वांत मोठं काम मानायचा, हे मात्र आपल्याला कोणी सांगितलं नाही. सोफ्यावर लोळत कॉर्डलेसवर तासन्‌तास गप्पा मारणाऱ्यांनी तरी हा बेल ओळखून घ्यायला हवा.

बेलचा जन्म ३ मार्च १८४७ चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरोचा. घराणं आवाजाचंच. आजोबा आणि वडील दोघंही उच्चारशास्त्र शिकवायचे. तोंडातून निघणारा प्रत्येक ध्वनी चिन्हांनी लिहून दाखवता येईल अशी एक लिपीच वडिलांनी तयार केली होती. आणि ह्याच घरात आईला मात्र जेमतेम ऐकू यायचं. छोटा बेल तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या आवाजात बोलायचा, म्हणजे कंपनं तिच्यापर्यंत पोहोचतील. आवाज म्हणजे कंपन, हा धडा त्याला पुस्तकाआधी घरातच मिळाला.

पुढे क्षयाने दोन्ही भाऊ गेले. उरलेला एकुलता एक मुलगा तरी वाचावा म्हणून १८७० मध्ये आईवडिलांनी गाव सोडलं आणि कॅनडा गाठला. १८७१ पासून बेल अमेरिकेत बोस्टनला कर्णबधिर मुलांना शिकवू लागला. त्याच्या विद्यार्थ्यांमध्ये मेबल हबर्ड नावाची मुलगी होती. पाच वर्षांची असताना तापात तिची श्रवणशक्ती गेलेली. दिवसा शिकवणी आणि रात्री प्रयोग, असा बेलचा दिनक्रम. सोबतीला थॉमस वॉटसन हा हरहुन्नरी कारागीर. ७ मार्च १८७६ ला पेटंट मिळालं आणि तीनच दिवसांनी शेजारच्या खोलीतल्या वॉटसनला तारेतून बेलचे शब्द स्पष्ट ऐकू आले. १८७७ मध्ये बेल आणि मेबलचं लग्न झालं. नव्या कंपनीतले फक्त १० शेअर स्वतःकडे ठेवून बाकीचे सगळे त्याने बायकोच्या नावावर करून टाकले. गंमत बघा, ज्या यंत्राने हे घर चाललं, ते यंत्र घरच्या मालकिणीला एकदाही ऐकू येणार नव्हतं.

दुसरा कोणी असता तर इथे पाय पसरून बसला असता. पण बेलच्या डोक्यात भुंगा सुरू झाला होता : आवाज न्यायला तारच कशाला हवी?

तेव्हा रेडिओ लहरी कोणालाच ठाऊक नव्हत्या. हर्ट्झने त्या प्रयोगाने सिद्ध करायला १८८७-८८ उजाडावं लागलं. मग तारेशिवाय दूर जाणारं दुसरं काय? प्रकाश! सेलेनियमवर उजेड पडला की त्याचा विद्युत रोध कमी होतो, हे १८७३ मध्येच कळलं होतं. बेलने आणि त्याचा सहकारी चार्ल्स टेंटर याने ते बरोबर पकडलं. बोलायच्या नळीच्या टोकाला पातळ, लवचिक आरसा आणि त्यावर सूर्याचा झोत. बोललं की आरसा किंचित आतबाहेर वाकतो आणि परावर्तित झोत कधी एकवटतो, कधी पसरतो. पलीकडे तो झोत एका अंतर्वक्र आरशाने सेलेनियमच्या सेलवर गोळा करायचा. सेलला बॅटरी आणि टेलिफोनचा रिसीव्हर जोडलेला. उजेड कमीजास्त, रोध कमीजास्त, प्रवाह कमीजास्त, की झाला आवाज! आपल्या भाषेत सांगायचं तर ॲम्प्लिट्यूड मॉड्युलेशन, फक्त कॅरिअर म्हणजे साक्षात सूर्यप्रकाश.

१८८० मध्ये वॉशिंग्टनला टेंटर फ्रँकलिन स्कूलच्या छतावर चढला आणि बेल २१३ मीटरवरच्या प्रयोगशाळेत कानाला रिसीव्हर लावून बसला. ऐकू येत असेल तर खिडकीशी येऊन टोपी हलव, असं टेंटरने प्रकाशाच्या झोतातून सांगितलं. बेलने टोपी हलवली. मधे तार नव्हती! ह्या यंत्राचं नाव ‘फोटोफोन’. स्वारी इतकी खूश झाली की त्याच वर्षी जन्मलेल्या धाकट्या मुलीचं नावसुद्धा फोटोफोन ठेवायला निघाली होती. मेबलने वेळीच आवरलं म्हणून ती पोर मॅरियन झाली.

पण फोटोफोन बाजारात चालला नाही. ढग आला की बोलणं बंद. धुकं आलं, पाऊस आला, मधे कोणी उभं राहिलं, तरी बंद. भिंतीतून तर जाणं शक्यच नव्हतं. एक गुण मात्र त्यात जबरदस्त होता : झोतामध्ये शिरल्याशिवाय ते बोलणं चोरून ऐकता यायचं नाही.

आपल्या घरातला कॉर्डलेस नेमका ह्याच्या उलट. त्याच्या रेडिओ लहरी भिंतीतून आरामात जातात, म्हणून स्वयंपाकघरातही बोलता येतं. पण मग त्या शेजाऱ्याच्या भिंतीतूनही जातातच की! जुन्या ॲनालॉग सेटवर दुसऱ्याच घरातलं बोलणं ऐकू यायचं ते ह्याचमुळे. डिजिटल डेक्ट सेटमध्ये हँडसेट आणि बेस एकमेकांशी नोंदवलेले असतात आणि बोलणं सांकेतिक करून पाठवायची सोय असते. ती सोय आपल्या सेटमध्ये आहे ना, हे घेतानाच बघावं. बेसचा पिन बहुतेक वेळा ०००० असतो, तो पहिल्याच दिवशी बदलावा. बेस घराच्या साधारण मध्यावर, जरा उंचावर ठेवावा. लोखंडी कपाट, मायक्रोवेव्ह आणि वायफाय राऊटर ह्यांच्यापासून लांब. बॅटऱ्या रिचार्जेबलच हव्यात. साधे सेल घालून हँडसेट चार्जिंगला ठेवणं धोक्याचं. वीज गेली की बेस मुका होतो, तेव्हा दुसरी सोय हाताशी असावी. वादळात कडकडाट सुरू झाला की ॲडॅप्टर आणि लाइन दोन्ही काढून ठेवावं. आणि अमेरिकेतल्या मावशीने प्रेमाने आणलेला सेट लावण्याआधी त्याची फ्रिक्वेन्सी वाचावी. तिकडचे डेक्ट सेट १९२० ते १९३० मेगाहर्ट्‌झवर चालतात आणि आपल्याकडे मोबाइलचा २१०० चा पट्टा टॉवरकडे बोलतो तोसुद्धा १९२० पासूनच. म्हणजे आपल्या गप्पांमुळे आख्ख्या गल्लीच्या मोबाइलला त्रास!

बेलचं पुढचं आयुष्य म्हणजे पडणं आणि पुन्हा उभं राहणं. १८८१ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड ह्यांना गोळी लागली. शरीरातली गोळी शोधायला बेलने दिवसरात्र खपून विद्युत शोधकयंत्र बनवलं, पण पलंगाच्या धातूच्या स्प्रिंगांनी घोळ घातला आणि डॉक्टरांनी एकच बाजू तपासू दिली. सप्टेंबरमध्ये गारफील्ड गेले. ह्याच धावपळीत ऑगस्टमध्ये बेलचा नवजात मुलगा दगावला. टेलिफोनच्या पेटंटवर कोर्टात शेकडो दावे झाले. ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १८८८ मध्ये तिथे निकाल त्याच्या बाजूने लागला. उतारवयात कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात त्याने विमानं आणि पाण्यावरून धावणाऱ्या वेगवान बोटी केल्या.

त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कर्णबधिर मुलांनी ओठ वाचून बोलायलाच शिकावं, खुणांची भाषा शाळेत नको, असा त्याचा हट्ट होता. कर्णबधिरांनी आपापसात लग्नं करण्याबद्दलही त्याने १८८३ मध्ये चिंतेचा निबंध लिहिला. ज्यांच्यासाठी आयुष्य वेचलं, त्यांच्यातल्या अनेकांना तो परकाच वाटला, आजही वाटतो. सगळ्या जगाला ऐकू येईल असं यंत्र करणाऱ्या ह्या माणसाने त्यांचंच म्हणणं ऐकून घेतलं नाही.

२ ऑगस्ट १९२२ ला बेल गेला. अंत्यविधीच्या वेळी अमेरिका आणि कॅनडातले टेलिफोन एक मिनिट मुके ठेवले गेले.

आणि फोटोफोन? तो फुकट गेला असं वाटत असेल, तर घरात नवीन फायबरची लाइन आली असेल ती बघा. केसासारख्या काचेच्या तंतूतून आवाज प्रकाशावर बसून दारापर्यंत येतो. तिथल्या मोडेमला कॉर्डलेसचा बेस जोडला, की पुढचा प्रवास रेडिओ लहरींवरून हँडसेटपर्यंत. ढगाला, धुक्याला न जुमानणारा प्रकाश बेलच्या हाती लागला नव्हता, तो पुढच्या पिढ्यांच्या इंजिनिअरांनी काचेत बंद करून आणला. आपला एखादा प्रोजेक्ट व्हायव्हाला चालला नाही, तर तो लगेच भंगारात टाकू नये. बेलने आपला फोटोफोन १८८० मध्येच स्मिथसोनियन संस्थेकडे जपायला दिला होता!