जिंकायला न शिकवणारा मास्तर

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा लौकिक मोठा आहे. सव्वाशे वर्षांच्या काळात या संघाला मोजकेच प्रशिक्षक लाभले आणि बहुतेक सगळ्यांनी हरलेल्यापेक्षा जिंकलेले सामने अधिक अशी नोंद मागे ठेवली. अपवाद एकाचाच. पंचावन्न सामने जिंकले, साठ हरले, असा त्यांचा ताळेबंद. बँकेच्या भाषेत बोलायचे तर खाते उणे बाजूला बंद झाले. गंमत अशी की हा अपवाद म्हणजे विद्यापीठाचे पहिलेच प्रशिक्षक डॉ. जेम्स नेस्मिथ, आणि बास्केटबॉल हा खेळ त्यांनीच जन्माला घातलेला!

आपल्या बाळाला शर्यतीत पळवायचेच नाही असे ठरवलेल्या बापासारखे हे झाले. पण हा माणूस आळशी नव्हता की अजाणही नव्हता. सामना कशासाठी खेळायचा याविषयी त्याची काही ठाम मते होती, आणि ती जगाच्या रीतीशी जुळणारी नव्हती.

जेम्सचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ चा, कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात, आल्मॉन्ट गावाजवळचा. आईवडील स्कॉटिश वंशाचे. १८७० साली विषमज्वराची साथ आली आणि जेमतेम नऊ वर्षांच्या या मुलाचे आई आणि वडील दोघेही गेले. पोरके झालेले पोर आजीकडे आणि पुढे मामाकडे वाढले. मामा कडक शिस्तीचा. शेतात राबायचे, घोडे हाकायचे, थंडीत लाकडे आणायची. जेम्सने पंधराव्या वर्षीच शाळा सोडली आणि जंगलात लाकूडतोड्या म्हणून काम धरले. काही वर्षांनी पुन्हा शाळेची पायरी चढला तेव्हा त्याच्या बाकावरची मुले त्याच्याहून कितीतरी लहान होती. ही लाज गिळून तो शिकला. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाचा १८८७ चा पदवीधर झाला, आणि मग धर्मोपदेशक होण्यासाठी १८९० मध्ये त्याने धर्मशास्त्राचा अभ्यासक्रमही पुरा केला.

घरच्यांना वाटले, आता पोरगा चर्चमध्ये उभा राहून प्रवचने देणार. पण मॅकगिलमध्ये त्याला मैदानाचा नाद लागला होता. रग्बी, कसरती, जे मिळेल ते. धर्मोपदेशकाने अंगाला चिखल लावून खेळावे हे त्या काळच्या सभ्य लोकांना रुचणारे नव्हते. नेस्मिथच्या मनाने मात्र घेतले की तरुण मुलांपर्यंत पोहोचायचा रस्ता व्यासपीठापेक्षा मैदानातून अधिक सरळ जातो. १८९० मध्ये तो सीमा ओलांडून अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डला आला. तिथे वाय.एम.सी.ए. या संस्थेचे कार्यकर्ते तयार करणारे विद्यालय होते.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात जे घडले ते खेळाच्या इतिहासात पक्के नोंदलेले आहे. बाहेर बर्फ. फुटबॉलचा मोसम संपलेला, बेसबॉलला अवकाश. मधले महिने व्यायामशाळेत कवायत. विद्यालयात अठरा जणांचा एक वर्ग होता. ही शाळकरी पोरे नव्हती, पुढे संस्थेची कार्यालये सांभाळणारे बापे होते. एकाच तालावर हात वरखाली करणे त्यांना पोरकट वाटे. दोन शिक्षकांनी हात टेकले. तेव्हा विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी तो वर्ग नेस्मिथच्या गळ्यात मारला आणि चार भिंतींच्या आत खेळता येईल असा नवा खेळ शोधायला चौदा दिवसांची मुदत दिली.

पहिले बारा दिवस वाया गेले. फुटबॉल आत आणून पाहिला, सॉकर पाहिला, लॅक्रॉस पाहिला. कुणाचे ढोपर फुटले, कुठे काचा. शेवटी त्याने खेळायचे थांबवून विचार करायला घेतले. मला त्याच्या चरित्रातला हाच भाग सगळ्यात आवडतो, कारण इथे प्रतिभा नाही, निव्वळ हिशेब आहे. धसमुसळेपणा होतो कशामुळे? खेळाडू चेंडू घेऊन पळतो आणि त्याला पाडावे लागते म्हणून. मग चेंडू घेऊन पळायचेच नाही. पळणार नसेल तर पाडायचे कारण उरत नाही. गोल समोर उभा असला की चेंडू जोरात मारावासा वाटतो. मग गोल आडवा करावा आणि डोक्याच्या वर टांगावा, म्हणजे ताकदीपेक्षा नेमाला किंमत येईल.

या शेवटच्या कल्पनेचे मूळ त्याच्या लहानपणात होते. कॅनडात मोठ्या खडकावर एक दगड ठेवून तो लांबून दगड मारून पाडायचा खेळ मुले खेळत. आपल्या लगोरीचा लांबचा भाऊ म्हणा. जोरात मारलेला दगड दूर जाऊन पडतो आणि तो आणेपर्यंत राखण करणारा गडी तुम्हाला पकडतो. अलगद, कमानीसारखा टाकलेला दगड फायद्याचा. पोरक्या जेम्सने आल्मॉन्टच्या वाटेवर शिकलेली ही युक्ती वीस वर्षांनी कामी आली.

त्याने इमारतीची देखभाल करणाऱ्या स्टेबिन्सकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती. स्टेबिन्सने कोठीतून पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. सज्जाच्या कठड्याला त्या ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून आज जगभर बास्केटबॉलची रिंग दहा फुटांवर आहे. तेरा नियम टंकलिखित करून दोन कागद फलकावर लावले. २१ डिसेंबर १८९१ रोजी नऊ-नऊ जणांचे दोन संघ खेळले. गोल झाला एकच. विल्यम चेस नावाच्या विद्यार्थ्याने तो केला. टोपल्यांचे बूड शाबूत होते, त्यामुळे चेंडू काढायला वर माणूस लागे. एका विद्यार्थ्याने खेळाला नेस्मिथचेच नाव द्यावे असे सुचवले तेव्हा तो हसला. या नावाने कुठलाही खेळ मरेल असे त्याचे मत पडले. मग टोपली आणि चेंडू मिळून बास्केटबॉल.

त्याने पेटंट घेतले नाही. नाव घेतले नाही आणि पैसाही घेतला नाही. आयुष्याची अनेक वर्षे मी तारण आणि हमीपत्रे तपासण्यात घालवली, त्यामुळे हा मुद्दा मला जरा जास्तच खुपतो, हे कबूल करतो.

खेळ पसरला तो त्या अठरा जणांच्या पायांनी. त्यांतला डंकन पॅटन पुढे वाय.एम.सी.ए.च्या कामासाठी हिंदुस्थानात आला. १८९४ मध्ये हा खेळ इकडे आणल्याचे श्रेय त्याला देतात. (मुंबईत नागपाड्याच्या गल्ल्यांनी हा खेळ पुढे कसा आपलासा केला, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) दुसरा, रेमंड कायन, मिनेसोटा राज्यातल्या हॅम्लिन या छोट्या कॉलेजात गेला. ९ फेब्रुवारी १८९५ रोजी हॅम्लिनच्या एका इमारतीच्या तळघरात त्याचा संघ राज्याच्या शेतकी शाळेशी खेळला आणि ९–३ असा हरला. दोन शिक्षणसंस्थांमधला बास्केटबॉलचा अगदी पहिला सामना म्हणून याचीच नोंद बऱ्याच ठिकाणी आढळते. म्हणजे कॉलेज बास्केटबॉल सुरू झाला तोच मुळी एका लहान कॉलेजच्या तळघरात.

ही लहान कॉलेजे हे अमेरिकेतले वेगळेच जग आहे. हजार-दीड हजार विद्यार्थी, आसपास शेते, एखादी गिरणी. हॅम्लिन ज्या तिसऱ्या श्रेणीत खेळते, तिथे खेळासाठी शिष्यवृत्तीसुद्धा मिळत नाही. हे खेळाडू पुढे शिक्षक होतात, शेती पाहतात, दुकान चालवतात. तरी शनिवारच्या सामन्याची चर्चा गावात पुढच्या शनिवारपर्यंत पुरते. शेवटच्या मिनिटाला चेंडू कुणाकडे द्यायला हवा होता, पंचाला दिसले कसे नाही, शेजारच्या गावचा तो उंच पोरगा पुढच्या वर्षी असणार की सुटणार. आपल्याकडे जत्रेतल्या कुस्त्या पारावर महिनाभर पुन्हा लढल्या जातात, तसेच हे. यातल्या कुणाचेही नाव राष्ट्रीय वर्तमानपत्रात येत नाही, आणि म्हणूनच ते सगळे एकमेकांना नावाने ओळखतात.

नेस्मिथ पुढे डेन्व्हरला गेले, तिथे १८९८ मध्ये डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी कॅन्ससच्या लॉरेन्स गावी विद्यापीठात आले. प्रार्थना घेणे आणि व्यायाम शिकवणे अशी दुहेरी नोकरी. त्यांनी संघ उभा केला. पहिलाच सामना कॅन्सस सिटीच्या वाय.एम.सी.ए.विरुद्ध १६–५ असा हरले. डावपेच, सराव, ओरडा यांत त्यांना रस नव्हता. मुलांनी खेळावे, दमावे, एकमेकांना सांभाळून घ्यावे, एवढीच अपेक्षा.

त्यांच्याच हाताखाली फॉग ॲलन हा खेळाडू होता. जवळच्या बेकर या लहान कॉलेजने त्याला प्रशिक्षक म्हणून बोलावले. तेव्हा नेस्मिथनी त्याला हसत सांगितले की हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो. ॲलनने गुरूचा मान राखला आणि सल्ला बाजूला ठेवला. पुढे त्याने कॅन्ससला ५९० सामने जिंकून दिले. आज विद्यापीठाच्या भव्य क्रीडागृहाला ॲलनचे नाव आहे आणि आतल्या मैदानाला नेस्मिथचे. दोघांत भांडण नव्हते. पण खेळ कुणाच्या वाटेने गेला हे उघड आहे, आणि खरे सांगायचे तर ॲलनच्या वाटेने गेला नसता तर आज आपल्यापर्यंत तो कितपत पोहोचला असता, याविषयी मला शंका आहे.

१९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलला प्रवेश मिळाला. खेळाच्या जनकाला तिथवर जायचे पैसे अमेरिकेतल्या प्रशिक्षकांनी वर्गणी काढून जमवले. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या टेनिस कोर्टावर, भर पावसात. चिखलात चेंडू उसळेना. अमेरिकेने कॅनडाला १९–८ असे हरवले. एक जन्मभूमी, दुसरीचे नागरिकत्व १९२५ मध्ये घेतलेले. पदके द्यायला पंचाहत्तरीचे नेस्मिथ उभे होते.

पण मला त्याहून मोलाच्या वाटतात त्या दोन घटना त्यांच्या घराजवळ घडल्या. १९३३ मध्ये जॉन मॅक्लेंडन नावाचा कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅन्ससला आला आणि नेस्मिथच्या खोलीत जाऊन उभा राहिला. त्याला या खेळाचा प्रशिक्षक व्हायचे होते. विद्यापीठाच्या संघात मात्र त्याच्या वर्णाच्या मुलांना जागा नव्हती. नेस्मिथनी त्याला शिष्य मानले. अभ्यासक्रमात पोहणे सक्तीचे होते आणि तलाव गोऱ्यांचा. मॅक्लेंडन पाण्यात उतरला, तर नंतर तलाव रिकामा करण्यात आला. म्हातारे मास्तर त्याच्या पाठीशी राहिले आणि तलाव अखेर सगळ्यांना खुला झाला. संघाचे दार मात्र त्यांना उघडता आले नाही.

दुसरी घटना १९३७ ची. बेकर कॉलेजच्या एमिल लिस्टननी नेस्मिथना बरोबर घेऊन फक्त लहान कॉलेजांसाठी कॅन्सस सिटीत स्पर्धा भरवली. आठ संघ आले. दुसऱ्या वर्षी बत्तीस. मोठ्या विद्यापीठांची प्रसिद्ध राष्ट्रीय स्पर्धा त्यानंतरची, १९३९ ची. लहानांनी मोठ्यांच्या आधी मांडव घातला होता. एकाच सभागृहात आठवडाभर सामने, आणि बाकांवर दूरदूरच्या गावांतून आलेली मंडळी. त्याच वर्षी नेस्मिथची पत्नी मॉड वारली. १८९२ मध्ये स्प्रिंगफील्डला बायकांनी पहिल्यांदा हा खेळ खेळून पाहिला, त्यांत ती होती. या स्पर्धेच्या करंडकाला तिचे नाव आहे.

२८ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉरेन्सला मेंदूतल्या रक्तस्रावाने नेस्मिथ गेले. ते टंकलिखित दोन कागद घरच्यांनी सांभाळून ठेवले होते. डिसेंबर २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांना ४३ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. कॅन्ससच्याच एका माजी विद्यार्थ्याने ते घेतले आणि कागद लॉरेन्सला परतले.

मॅक्लेंडन नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅम गावी कृष्णवर्णीयांच्या एका लहान कॉलेजात शिकवू लागला. १२ मार्च १९४४, रविवारची सकाळ. गाव चर्चमध्ये असताना त्याने ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेच्या गोऱ्या संघाला आपल्या व्यायामशाळेत बोलावले. असा सामना त्या राज्यात बेकायदा होता. दाराला कुलूप, प्रेक्षक नाहीत. मॅक्लेंडनच्या मुलांनी ८८–४४ असा सामना जिंकला. मग कुणीतरी संघ मिसळायचे ठरवले आणि गोरी-काळी मुले एकमेकांच्या बाजूने पुन्हा खेळली. या सामन्याची चर्चा कुठल्याही पारावर झाली नाही. बावन्न वर्षे तो बंद खोलीत राहिला. १९९६ मध्ये एका इतिहासकाराने तो उजेडात आणला.

लहान कॉलेजांच्या स्पर्धेने १९४८ मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंवरची बंदी उठवली आणि १९५३ मध्ये त्यांच्या कॉलेजांना आत घेतले. मोठ्यांच्या आधी, हेही. १९५७ मध्ये मॅक्लेंडन टेनेसीच्या कृषी व औद्योगिक कॉलेजचा संघ घेऊन कॅन्सस सिटीला आला आणि स्पर्धा जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. ज्या मास्तरांनी त्याला हे शिकवले ते जिथून चाळीस मैलांवर राहत होते त्या गावात, मॉड नेस्मिथच्या नावाच्या स्पर्धेत, तीनदा.