कादंबरीकार नाथमाधव

जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांतील वाचकांस शिवनेरीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. १६३० सालीं ज्या किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा जन्म झाला, तो आपल्याच मुलखांतला. परंतु महाराजांच्या स्वराज्याची कथा कादंबऱ्यांच्या रूपानें मराठी वाचकांपुढें मांडणाऱ्या एका लेखकाचें चरित्र आपल्या तरुण पिढीस फारसें ठाऊक नसावें. ते लेखक म्हणजे नाथमाधव.

त्यांचें संपूर्ण नांव द्वारकानाथ माधवराव पितळे. स्वतःच्या नांवाचा शेवट व वडिलांचें नांव यांच्या जोडणीनें ‘नाथमाधव’ हें टोपणनांव सिद्ध झालें. त्यांचा जन्म ३ एप्रिल १८८२ रोजीं मुंबईंत झाला. पुढें ते कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यांत नोकरीस लागले. त्यांस शिकारीचा मोठा नाद होता. या नादापायीं ऐन तारुण्यांत सिंहगडाच्या रानांत गेले असतां ते कड्यावरून खालीं कोसळले. जीव वांचला, परंतु कमरेखालचें शरीर कायमचें लुळें झालें. डोंगर तुडविणाऱ्या तरुणास अंथरूण हेंच जग झालें. आतां आपल्या जगण्याचा उपयोग काय, हा प्रश्न अशा वेळीं कोणास पडणार नाहीं?

येथें लोयोलाच्या संत इग्नाशियसचें स्मरण होतें. १५२१ सालीं पँप्लोना येथील लढाईंत तोफेच्या गोळ्यानें त्यांचा पाय मोडला. बिछान्यांत वेळ जावा म्हणून त्यांनीं शूर सरदारांच्या अद्भुत कथा मागितल्या; त्या घरांत नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र व संतचरित्रें त्यांच्या हातीं आलीं, आणि त्या वाचनानें त्यांचा जीवनक्रम पालटला. दोघांच्या कार्यांत अंतर पुष्कळ आहे. परंतु रुग्णशय्येवरील वाचनानें आयुष्यास नवी दिशा मिळावी, एवढें साम्य खरेंच विलक्षण आहे. नाथमाधवांनींही त्या सक्तीच्या विश्रांतींत वाचनाचा आश्रय केला, आणि वाचतां वाचतां लेखणी हातीं धरिली.

१९०८ सालीं ‘प्रेमवेडा’ ही त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. पुढील वर्षीं ‘सावळ्या तांडेल’ व १९१३ सालीं ‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य कादंबरी आली. ‘डॉक्टर’ या तीन भागांच्या कादंबरींत त्यांनीं सामाजिक प्रश्न हातीं घेतले. आयुष्याच्या अखेरच्या काळांत त्यांनीं ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्याचा कारभार’ इत्यादि कादंबऱ्यांची माळ गुंफिली. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांतील खोली त्यांच्या लेखनांत नाहीं, असें रसिक म्हणतील. परंतु गोष्ट रंगवून सांगण्याची हातोटी त्यांस खचित साधली होती. म्हणूनच साधे वाचक त्यांच्या कादंबऱ्या आवडीनें वाचीत.

या सर्व लेखनांत एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. ज्याचे पाय गेले, त्यानें घरच्या चार भिंतींचें दुःख उगाळीत न बसतां दर्यावर्दी, वीर व मावळे यांच्या कथा लिहिल्या. गडाच्या कड्यानें ज्याचें चालणें हिरावून घेतलें, त्यानेंच गडकोटांच्या बळावर उभ्या राहिलेल्या स्वराज्याची कथा मोठ्या प्रेमानें सांगितली. सह्याद्रीविषयीं त्याच्या मनांत कडवटपणा उरला असता, तर हें घडतें ना.

२१ जून १९२८ रोजीं, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षीं, नाथमाधव निवर्तले. पहिल्या कादंबरीपासून मोजल्यास त्यांस लेखनासाठीं वीसच वर्षें मिळालीं. परंतु तीं त्यांनीं वायां दवडलीं नाहींत.

आपल्या गांवांतही कथा लिहावी अशी हौस असणारे तरुण आहेत. स्फूर्ति केव्हां येईल व आपला विषय कोणता, या चिंतेंत त्यांचे दिवस जातात. त्यांनीं हें चरित्र मनांत बाळगावें. अंगीं बळ परत येईल, मग कांहीं करूं, अशी वाट नाथमाधव पाहत बसते, तर एकही पुस्तक लिहून होतें ना. जें हातीं उरलें होतें, त्यानेंच त्यांनीं आरंभ केला. आणि जें पूर्वीपासून प्रिय होतें, त्यांतच त्यांस आपला विषय सांपडला. आपल्या मुलखांत डोंगर आहेत, घाट आहेत, कष्टाळू माणसें आहेत. लिहूं इच्छिणाऱ्यास विषयाची वाण येथें खास पडणार नाहीं.