विसरणाऱ्या बाईंची फाईल आणि डॉ. अल्झायमर

साठी बुद्धी नाठी, असं आपण सहज बोलून जातो. पण नोव्हेंबर १९०१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झालेल्या आगुस्ट डेटर अवघ्या ५१ वर्षांच्या होत्या. रेल्वे कारकुनाच्या या पत्नी आधी नवऱ्यावर संशय घेऊ लागल्या, मग स्वयंपाक चुकू लागला. ताटात फ्लॉवर आणि मांस असताना पालक खातेय म्हणायच्या. स्वतःचं नाव लिहिता लिहिता मध्येच अडायच्या. समोर बसून हे सगळं टिपून घेत होते डॉ. आलोइस अल्झायमर.

बव्हेरियातल्या मार्क्टब्राइट गावी १४ जून १८६४ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील नोटरी. १८८७ मध्ये वैद्यकीची पदवी, लगेच पुढच्या वर्षी फ्रँकफर्टला नोकरी. तिथे फ्रांझ निस्सल हा जिवलग मित्र भेटला. मेंदूच्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा नाद दोघांनाही. १९०१ च्या सुरुवातीला पत्नी सेसिली वारल्या. पदरी तीन लहान मुलं. घर सांभाळायला बहीण आली आणि डॉक्टरांनी स्वतःला कामात बुडवून घेतलं.

१९०३ मध्ये त्यांनी फ्रँकफर्ट सोडलं; हायडेलबर्गमार्गे म्युनिकला एमिल क्रेपेलिन यांच्याकडे गेले. तिथे सुरुवातीला पगार नाही! पत्नी सधन घरातली होती, म्हणून निभावलं. आगुस्टबाईंची चौकशी मात्र सुटली नाही. एप्रिल १९०६ मध्ये त्या गेल्या, तेव्हा फाईल आणि मेंदू दोन्ही म्युनिकला मागवून घेतले. मेंदू आक्रसलेला, पेशींबाहेर साचलेले थर, आत धाग्यांचा गुंता. पेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशींतले बदलही त्यांनी नोंदवले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या सभेत हे मांडलं, तर एकानेही प्रश्न विचारला नाही. आजाराला त्यांचं नाव दिलं ते क्रेपेलिन यांनी, १९१० च्या आपल्या पाठ्यपुस्तकात.

ग्लियाची ती नोंद आज पुन्हा महत्त्वाची ठरली आहे. मेंदूची राखण करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशींत टीआरईएम-२ नावाचं जनुक काम करतं. त्याच्या काही दुर्मीळ प्रकारांमुळे या आजाराचा धोका वाढतो, असं २०१३ च्या सुमारास दिसून आलं. मेंदूतला दाह, म्हणजे आतली सूज, आणि विस्मरण यांचं नातं त्यामुळे आता जनुकांच्या पातळीवर तपासलं जातंय. अर्थात सगळाच विसराळूपणा यातून येतो असं नव्हे.

१९१२ मध्ये ब्रेस्लाऊला प्राध्यापकपद मिळालं, पण तिकडे जाताना रेल्वेतच आजारी पडले. ते दुखणं पुरतं बरं झालंच नाही. १९ डिसेंबर १९१५ रोजी त्यांचं निधन झालं. वय ५१, आगुस्टबाई दाखल झाल्या तेव्हाचंच. फ्रँकफर्टला सेसिलींच्या शेजारी त्यांचं दफन झालं.