किडन्या गेल्या, तरी जेपी चार वर्षं लढले. त्याच चार वर्षांत देशाचं सरकारही बदललं

नोव्हेंबर १९७५. आणीबाणीला जवळपास पाच महिने झाले होते. चंदीगडच्या पीजीआय हॉस्पिटलमध्ये नजरकैदेत असलेल्या ७३ वर्षांच्या एका म्हाताऱ्याला सरकारने अचानक पॅरोलवर सोडलं. तारीख होती १२ नोव्हेंबर. नाव होतं जयप्रकाश नारायण.

सरकारला दया आली असं कुणी समजू नये. हा माणूस कोठडीतच गेला तर काय होईल, याची धास्ती होती. जेपींच्या भावाने आधीच पंतप्रधानांना कळवलं होतं की हे फार दिवस काढतील असं वाटत नाही. सुटल्यावर त्यांना आधी दिल्लीला एम्समध्ये आणि मग २२ नोव्हेंबरला मुंबईच्या जसलोकमध्ये आणलं. तिथल्या तपासण्यांनंतर चित्र स्पष्ट झालं. दोन्ही किडन्या जवळपास बंद पडल्या होत्या.

गंमत म्हणजे हेच जसलोक दोनच वर्षांपूर्वी, १९७३ साली इंदिरा गांधींच्या हस्ते सुरू झालं होतं.

आता प्रश्न असा की किडन्या एवढ्या बिघडेपर्यंत कळलं कसं नाही?

त्यासाठी किडनीचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, कण्याच्या दोन्ही अंगांना हे मुठीएवढे दोन अवयव असतात. एकेकात साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा इथूनच जातो. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतलं जातं. लघवी होते ती फक्त दीड-दोन लिटर. त्यातच मीठ, पोटॅशियम आणि आम्लाचं प्रमाण सांभाळायचं, ब्लडप्रेशर राखायचं आणि रक्त तयार करायचा निरोप हाडांतल्या मगजाला द्यायचा, ही कामंही किडनीकडेच.

पण बिघाड झाला तरी किडनी ओरडत नाही. निम्म्या गाळण्या गेल्या तरी उरलेल्या जास्त राबून वेळ मारून नेतात. माणूस हिंडत-फिरत असतो.

जेपींच्या बाबतीत धोक्याच्या खुणा जुन्या होत्या. त्यांना डायबेटीस होता, हृदयाचा त्रास होता. बिहार आंदोलन ऐन भरात असताना, एप्रिल १९७४ मध्ये त्यांना वेल्लोरला जाऊन प्रोस्टेटचं ऑपरेशन करून घ्यावं लागलं होतं. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली तर गाळण्या खराब होतात. प्रोस्टेट वाढली की लघवीची वाट अडते आणि मागचा दाब किडनीवर येतो. ऑपरेशननंतर जूनमध्ये परत येऊन पाटण्याच्या गांधी मैदानावर त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली. विश्रांती हा शब्द त्यांच्या कोशात नव्हताच. तरुणपणी नाशिकच्या तुरुंगात अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता यांच्यासोबत समाजवादी पक्षाची कल्पना रचणारा आणि १९४२ च्या दिवाळीच्या रात्री हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून पळालेला हा गडी.

चंदीगडला सप्टेंबर १९७५ च्या अखेरीस पोट दुखायला लागलं, भूक गेली, पुढे सूज आली. ही सगळी उशिराची लक्षणं. कोठडीत मुद्दाम काही केलं गेलं का, हा संशय त्यांच्या माणसांना शेवटपर्यंत छळत राहिला. पुढे जनता सरकारने त्यांच्या उपचारांची चौकशीही लावली.

आज जामनेरच्या कुठल्याही लॅबमध्ये जे क्रिएटिनिन तपासतात, ते मोजायची रीत १८८६ पासून माहीत आहे. म्हणजे १९७५ मध्ये तपासणी नव्हती असं नाही. क्रिएटिनिन हा स्नायूंचा कचरा, तो किडनीनेच बाहेर टाकायचा. साधारण ०.६ ते १.२ ठीक. पण इथे एक मेख आहे. किडनीची निम्मी ताकद जाईपर्यंत हा आकडा फारसा हलत नाही. शिवाय म्हाताऱ्या, वाळलेल्या माणसात स्नायूच कमी असतात, त्यामुळे आकडा बरा दिसतो आणि किडनी मात्र बरी नसते. म्हणून आता वय धरून ईजीएफआर काढतात. तो ९० च्या वर चांगला, तीन महिने ६० च्या खाली राहिला तर आजार, १५ च्या खाली गेला की डायलिसिसची वेळ. आणि सगळ्यात आधी चुगली करते ती लघवी. तिच्यात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन झिरपायला लागतं, तेव्हा रक्ताचा रिपोर्ट बहुतेक वेळा नॉर्मलच असतो. डायबेटीसवाल्यांना डॉक्टर दरवर्षी लघवी तपासायला सांगतात ते यासाठी.

जेपींची ती वेळ निघून गेली होती. उरलं होतं डायलिसिस. रक्त नळीने बाहेर काढायचं, मशीनमध्ये पातळ पडद्यापलीकडच्या द्रावणात कचरा सोडायचा आणि रक्त परत आत. एका वेळी चारेक तास, आठवड्यातून दोन-तीनदा, मरेपर्यंत. पाणी मोजून, मीठ मोजून. केळी तर जवळपास बंदच, कारण त्यातलं पोटॅशियम हृदय थांबवू शकतं. जळगाव जिल्ह्यातल्या पेशंटला ही अट काय वाटत असेल ते वेगळं सांगायला नको. किडनी बिघडली की रक्तही कमी होतं. त्यावरचं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन १९८९ मध्ये बाजारात आलं. जेपींच्या वेळी ते नव्हतं.

मशीन महाग होतं. लोकांनी वर्गणी काढायला घेतली. पंतप्रधान मदत निधीतूनही ९० हजार रुपये आले. जेपींनी १९७६ मध्ये ते परत केले. ज्यांनी तुरुंगात टाकलं त्यांच्या पैशावर आपलं रक्त धुवून घ्यायचं नाही, असा सरळ हिशोब होता. मशीन लोकांच्या पैशातून आलं.

या मशीनच्या वेळापत्रकातच राजकारण चाललं. १९७६ मध्ये मुंबईत विरोधी नेत्यांच्या बैठका झाल्या. जानेवारी १९७७ मध्ये निवडणूक जाहीर झाली आणि एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष जेपींच्या शब्दाखातर जनता पक्षात एकत्र आले. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत सभा व्हायच्या. २४ मार्चला राजघाटावर त्यांनी नव्या खासदारांना शपथ दिली. मे महिन्यात त्यांना उपचारांसाठी अमेरिकेत सिअ‍ॅटलला नेलं. डायलिसिस वर्षानुवर्षं करता येईल अशी हातातली कायमची नळी १९६० मध्ये तिथेच तयार झाली होती.

सरकार मात्र आपसात भांडत राहिलं. मार्च १९७९ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत जेपी गेल्याचं जाहीर केलं. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली. जेपी तेव्हा जसलोकमध्ये जिवंत होते.

ते खरोखर गेले ८ ऑक्टोबर १९७९ ला, पाटण्याला, आपल्या घरी. ७७ वा वाढदिवस तीन दिवसांवर होता. जनता सरकार त्याआधीच, जुलैमध्ये पडलं होतं.